मुधोळचा कुत्रा, गोव्याची हवा

मुधोळ म्हटले की आपल्याला आधी बाजी घोरपडे आठवतो. 1648 मध्ये शहाजीराजांना कैद करण्यात त्याचा हात होता, आणि 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा हिशेब चुकता केला. पण मला मुधोळ आठवते ते कुत्र्यामुळे.

आज बागलकोट जिल्ह्यात असलेले मुधोळ 1948 पर्यंत घोरपड्यांचे संस्थान होते. तिकडचे बेरड शिकारी सडपातळ, लांब पायांची कुत्री बाळगत. याच संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी 1857 मध्ये हत्यारे जमा करायला नकार देऊन इंग्रजांशी झुंज घेतली होती. पुढे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री निवडून जोपासली. त्यांतली एक जोडी त्यांनी इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला भेट दिली आणि मुधोळचे नाव या जातीला चिकटले, असे सांगतात. 2005 मध्ये टपाल खात्याने या कुत्र्यावर तिकीट काढले. 2016 मध्ये लष्कराने मुधोळची पिल्ले शिकवायला मेरठला नेली.

एवढे वाचून मी हुरळलो आणि एक पिल्लू घरी आणले. आपल्या दख्खनचा कुत्रा, त्याला उन्हाचे काय, असे मी सगळ्यांना ऐकवत असे.

एका जूनमधल्या रविवारी सकाळी दहाला त्याला मैदानावर नेले. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, आभाळ भरलेले होते. ऊन नाही म्हणून मी निर्धास्त. 'बस', 'थांब', 'ये' आणि मध्ये मध्ये चेंडू, असे अर्धा तास चालले. मग त्याची धाप थांबेना. जीभ लालभडक, लाळ चिकट, मागचे पाय लटपटू लागले. शेजारचे निवृत्त सुभेदार धावत आले. त्यांनी नळाचे पाणी पोटावर, पायांवर ओतायला लावले, पंख्याखाली ठेवले आणि म्हणाले, "अहो, आभाळ काय बघता? त्याची जीभ बघा!" तसेच ओल्या अंगाने त्याला डॉक्टरकडे नेले. तो वाचला.

माझी चूक मला नंतर कळली. मी इतिहास वाचला, भूगोल विसरलो. मुधोळ पर्जन्यछायेत आहे, तिथे वर्षाला जेमतेम 500-600 मिलिमीटर पाऊस. आमच्याकडे 3000 च्या आसपास. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा उडतो आणि त्यामुळे अंग निवते. कोरड्या हवेत हे भराभर होते. दमट हवेत ओलावा उडतच नाही, धाप फुकट जाते. त्याचे तापमान एरवी 38-39 अंश असते. ते 41 च्या वर गेले की जिवावर बेतते. शिवाय ही जात नजरेने सावज हेरून थोडा वेळ सुसाट धावणारी. ती स्वतःहून थांबत नाही, आपणच थांबवायचे असते.

आता ऑफिसच्या आधी, पहाटे साडेपाचला आम्ही निघतो. पाच मिनिटे शिकवणी, मग आंब्याखाली विसावा आणि पाणी, पुन्हा पाच मिनिटे. हवा कोंदलेली असली तर शिकवणी घरातच, फरशीवर.

'थांब' हा शब्द त्याला महिनाभरात आला. मला यायला मात्र एक रविवार जवळजवळ महागात पडला.