कोल्हापूर: सरकारी दवाखान्यांच्या खर्चावर लक्ष कोण ठेवतं?

सरकारी दवाखान्यात गेलात आणि 'हे औषध बाहेरून आणा' असं ऐकावं लागलं, असा अनुभव तुम्हालाही आला असेल. अशा वेळी जाब नेमका कुणाला विचारायचा?

कोल्हापूरकरांना वाटेल, यात अवघड काय? सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्री प्रकाश आबिटकर राधानगरीचे आमदार, तर वैद्यकीय शिक्षणमंत्री हसन मुश्रीफ कागलचे. दोन्ही खाती जिल्ह्यातच आहेत. पण प्रत्येक दवाखान्याची तिजोरी वेगळी आणि ती तपासणाराही वेगळा.

कोणता दवाखाना कुणाचा?

- सीपीआर: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं रुग्णालय. म्हणून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे.
- ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं: सार्वजनिक आरोग्य विभागाकडे.
- प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं: जिल्हा परिषदेकडे.
- शहरातली सावित्रीबाई फुले आणि पंचगंगा रुग्णालयं: महापालिकेकडे.

याशिवाय राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी येतो. त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40 टक्के. यंत्रसामग्रीसारख्या खर्चासाठी जिल्हा नियोजन समितीही पैसे देते. तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात.

हिशेब कोण तपासतं?

राज्य सरकारच्या खर्चाचं लेखापरीक्षण 'कॅग' करतं. त्याचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात येतो आणि लोकलेखा समिती त्यावर अधिकाऱ्यांना जाब विचारते.

जिल्हा परिषदेचे हिशेब स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतो आणि त्यातले आक्षेप विधिमंडळाच्या पंचायत राज समितीपुढे येतात. महापालिकेत मुख्य लेखापरीक्षक स्थायी समितीला अहवाल देतात.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण वेळेची. राज्यातल्या सरकारी आरोग्यसेवेवरचा कॅगचा मोठा अहवाल डिसेंबर 2024 मध्ये विधिमंडळात मांडला गेला. त्यात तपासलेला काळ होता 2016-17 ते 2021-22. रिक्त पदं आणि औषधखरेदीतली दिरंगाई अशा गोष्टी त्यात नोंदवल्या गेल्या. पण 2017 मध्ये औषध न मिळालेल्या रुग्णाला 2024 च्या अहवालाचा काय उपयोग?

त्यामुळे पैसे खर्च होत असतानाच प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं. हे काम जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीचं आणि महापालिकेच्या स्थायी समितीचं. इथेच दुसरी अडचण येते.

कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तिथेही अनेक वर्षं प्रशासक होते. या काळात अर्थसंकल्प तयार करणारं प्रशासनच तो मंजूरही करत होतं. लेखापरीक्षण बंद नव्हतं, पण सभागृहात उभं राहून 'आमच्या केंद्रात औषध का नाही?' असं विचारणारा सदस्य नव्हता.

तुम्ही काय करू शकता?

1. आधी दवाखाना कुणाचा ते बघा. प्राथमिक आरोग्य केंद्राची तक्रार जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे करा. सीपीआरची तक्रार अधिष्ठात्यांकडे जाते.
2. रुग्ण कल्याण समितीवर कोण आहे ते विचारा. दवाखान्याला मिळणाऱ्या काही निधीचा खर्च ही समितीच ठरवते.
3. गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समितीला आरोग्य अभियानातून वर्षाला 10 हजार रुपयांपर्यंत निधी मिळू शकतो. त्याचा हिशेब ग्रामसभेत मागा.
4. माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना माफ. उत्तरासाठी मुदत साधारण 30 दिवस. अर्जात 'भ्रष्टाचार झाला का?' असं विचारू नका. 'अमुक वर्षात औषधांसाठी किती निधी आला, किती खर्च झाला, साठा नोंदवहीची प्रत द्या,' असं नेमकं लिहा.

कॅगचा अहवाल यायला काही वर्षं लागतील. साठा नोंदवहीची प्रत मात्र महिन्याभरात तुमच्या हातात येऊ शकते.