लंगड्या पिल्लाचे काय करायचे?

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात घरे एकमेकांपासून दूर, आपापल्या शेतात असतात. तेथे कुत्रा हा शेळ्या-कोंबड्यांचा आणि उभ्या मक्याचा राखणदार. खाली तापीकाठच्या सपाटीवर रस्ते आणि वाहने जास्त. दोन्हीकडे कधी एखादे पिल्लू चाकाखाली किंवा गुराच्या खुराखाली सापडते. जीव वाचतो, पण पाय कायमचा अधू होतो. मुले शाळेत येऊन विचारतात, ‘आता याचे काय करायचे?’ या प्रश्नाला माणसाने वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

‘पाय गेला की जनावर कामातून गेले’ हे उत्तर आपल्या ओळखीचे आहे. ते बहुधा बैल आणि घोड्यावरून आले. याच जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे घोड्याची चाल पाहिल्याशिवाय सौदा होत नाही. ज्या दत्ताची ही यात्रा, त्याच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. त्यांचा भाव मात्र कोणी विचारत नाही. घोड्याचा हा नियम कुत्र्याला लागू पडतो का?

थोडे मागे जाऊ. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे 1914 साली एक दफन सापडले. सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचे एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचे साधारण सात महिन्यांचे पिल्लू. 2018 साली संशोधकांनी त्याच्या दातांवरच्या खुणा तपासल्या. पिल्लाला डिस्टेंपर हा गंभीर रोग झाला होता आणि तरीही ते काही आठवडे जगले होते. कोणी ऊब दिल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय आणि घाण पुसल्याशिवाय हे शक्य नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आजारी पिल्लाचा त्या काळात शिकारीला काहीच उपयोग नव्हता. म्हणजे उपयोगापलीकडची शुश्रूषा ही शहरी चैन नाही. ती शेतीहूनही जुनी आहे.

आता आपल्याकडे येऊ. 1818 नंतर खानदेश मुंबई इलाख्यात आला. या इलाख्याच्या राजधानीत भटकी कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. जून 1832 मध्ये या मोहिमेविरुद्ध पारशी रस्त्यावर उतरले, जैन आणि हिंदूही त्यांना मिळाले, दुकाने बंद झाली. पुढे 1834 साली जमशेटजी जीजीभाई, अमीचंद शहा आदींच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ उभी राहिली. मारण्याऐवजी सांभाळणे, हे दुसरे उत्तर झाले. पण सांभाळणे म्हणजे बरे करणे नव्हे. त्यासाठी ज्ञान हवे होते. 1886 साली परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयाच्या आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि इलाख्यात प्रशिक्षित पशुवैद्य तयार होऊ लागले.

मोडलेल्या हाडाला प्लॅस्टरची पट्टी बांधण्याची रीत 1851 साली डच लष्करी डॉक्टर मॅथायसेन यांनी काढली. माणसाला ‘पडून राहा’ असे सांगता येते. कुत्रा प्लॅस्टर चावतो, भिजवतो, उठून पळतो. या हट्टी रोग्यासाठी 1930 च्या दशकात अमेरिकन पशुवैद्य ऑटो स्टेडर यांनी वेगळी युक्ती केली. हाड मोडले त्याच्या वर आणि खाली त्यांनी धातूच्या पिना बसवल्या आणि त्या कातडीबाहेर एका दांडीने जोडल्या. कुत्रा लगेच पाय टेकू लागला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने हेच साधन जखमी सैनिकांसाठी वापरले. कुत्र्यासाठी शोधलेली गोष्ट अशी माणसाच्या कामी आली.

मग घोड्याचा नियम कुत्र्याला का लागू नाही? घोड्याचे वजन चारशे किलोच्या आसपास. एक पाय टेकेनासा झाला की भार समोरच्या पायावर येतो आणि त्या खुराच्या आतला भाग निकामी होतो. गावठी कुत्रा पंधरा-वीस किलोचा. त्याचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून मागचा पाय गेला तर त्याला तुलनेने सोपे जाते. पुढचा गेला तरी तो मान आणि कणा वळवून तोल साधतो. तीन पायांवर तो पळतोही.

पिल्लाच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्याचे हाड लवकर जुळते. पण हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या कूर्चेला इजा झाली, तर पाय आखूड किंवा वाकडा वाढतो. म्हणून ‘आपोआप बरे होईल’ म्हणून थांबू नये. पहिल्या एक-दोन दिवसांतच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

पाय कायमचा अधू राहिलाच, तर काळजी साधी आहे. पिल्लाला लठ्ठ होऊ देऊ नये. गुळगुळीत फरशीवर पोते अंथरावे. न टेकणाऱ्या पायाची नखे झिजत नाहीत, ती कापावीत. नस दुखावून पंजा उलटा घासत असेल, तर रोज जखम पाहावी. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत; आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या कुत्र्याला विषारी ठरतात.

एक इशारा मुलांना आवर्जून द्यावा. दुखावलेले पिल्लू चावते. अपघात कोणी पाहिला नसेल आणि पाय एकाएकी लुळा पडला असेल, तर रेबीजचीही शंका घ्यावी आणि त्याला हात लावू नये. कोणतेही कुत्रे चावले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी.

1960 च्या कायद्याने पाळलेल्या जनावराला उपाशी मरायला सोडून देणे हा गुन्हा ठरवला. कायदा एवढेच सांगतो. पुढचे ज्ञानाने ठरते. असह्य वेदना आणि इलाज नाही, अशा वेळी पशुवैद्याने मरण सुखाचे करणे ही दयाच. पण नुसते लंगडणे म्हणजे वेदना नव्हे. हा फरक ओळखायला पाहावे लागते: पिल्लू खाते का, खेळते का, बोलावल्यावर येते का? आम्हाला वाटते, मुलांच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी ही निरीक्षणे त्यांनाच आठवडाभर वहीत लिहू द्यावीत.