पॉलिफिल

पॉलिफिल : ब्राउझरमध्ये अंगभूत नसलेली सोय त्याला पुरवणारा, बहुधा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला कोड. नव्या जावास्क्रिप्टमधील वेब ॲप जुन्या ब्राउझरवर चालवण्यासाठी पॉलिफिल आणि ट्रान्सपायलर (नवे व्याकरण जुन्या व्याकरणात उतरवणारे साधन) ही दोन्ही जोडीने वापरतात.

व्युत्पत्ती : ब्रिटिश वेब विकसक रेमी शार्प यांनी हा शब्द २००९ मध्ये रूढ केला. त्या वेळी ते ब्रूस लॉसन यांच्यासह एचटीएमएल ५ वरील पुस्तक लिहीत होते. भिंतीच्या भेगांत भरायची ‘पॉलिफिला’ नावाची लांबी ब्रिटनमध्ये घरोघरी माहीत आहे. तिच्यावरून हे नाव सुचले. लांबी भरून घासली की रंगाऱ्याला सपाट भिंत मिळते, तशी विकसकाला सर्व ब्राउझरांत सारखाच पाया मिळावा, हा त्यामागचा विचार.

पार्श्वभूमी : सर्व्हरवरील प्रोग्राम विकसकाच्या ताब्यातील यंत्रावर चालतो, वेब ॲपचा जावास्क्रिप्ट कोड मात्र वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये चालतो. तो ब्राउझर किती जुना असेल, हे विकसकाच्या हाती नसते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट घडवली आणि १९९७ पासून एक्मा ही संस्था ‘एक्मास्क्रिप्ट’ या नावाने तिचे प्रमाणीकरण करते. तिसरी आवृत्ती १९९९ ची, चौथी बारगळली, पाचवी २००९ मध्ये निघाली. जून २०१५ मधील सहाव्या आवृत्तीने भाषेचे रूपच पालटले. तेव्हापासून दरवर्षी नवी आवृत्ती निघते.

इंटरनेट एक्स्प्लोरर ११ हा ब्राउझर २०१३ चा, म्हणजे या बदलाच्या आधीचा. कार्यालयांतील संगणकांवर तो वर्षानुवर्षे टिकून राहिला. मायक्रोसॉफ्टने तो १५ जून २०२२ रोजी निवृत्त केला. भारतात हाच प्रश्न साध्या फोनवर उभा राहिला. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनमधील काय-ओएस २.५ ही प्रणाली २०१६ च्या फायरफॉक्स ४८ च्या इंजिनावर उभी आहे. ‘असिंक’ फंक्शने फायरफॉक्समध्ये ५२ व्या आवृत्तीत आली, त्यामुळे ती वापरणारा कोड या फोनवर जसाच्या तसा चालत नाही.

कार्यपद्धती : पॉलिफिल आधी सोय आहे का ते तपासते. उदाहरणार्थ, ॲरेमध्ये एखादे मूल्य आहे का हे सांगणारी ‘इन्क्लूड्स’ ही पद्धत एक्मास्क्रिप्टच्या २०१६ च्या आवृत्तीत आली. ती ब्राउझरमध्ये असेल तर पॉलिफिल काहीच करत नाही. नसेल तर प्रमाणाबरहुकूम तसेच वागणारे फंक्शन त्याच नावाने जोडते. ‘प्रॉमिस’ आणि ‘फेच’ या सोयींचीही उणीव अशीच भरून काढता येते. डेनिस पुश्कारेव यांचा ‘कोअर-जेएस’ हा अशा पॉलिफिलांचा सर्वाधिक वापरला जाणारा संच आहे.

ट्रान्सपायलरशी संबंध : पॉलिफिलने नवे फंक्शन देता येते, नवे व्याकरण देता येत नाही. अनोळखी पद्धत दिसली तर जुना ब्राउझर त्या ओळीवर अडतो. अनोळखी व्याकरण दिसले तर तो संपूर्ण फाइलच नाकारतो. नव्या व्याकरणातील एका बाणाकृती फंक्शनपायी पान कोरे राहू शकते ते यामुळेच. म्हणून नवे व्याकरण आधीच जुन्या व्याकरणात उतरवून घ्यावे लागते. हे काम ट्रान्सपायलर करतो. सेबॅस्टियन मकेन्झी यांनी २०१४ मध्ये ‘सिक्स टू फाइव्ह’ नावाने सुरू केलेला आणि २०१५ मध्ये ‘बेबेल’ झालेला ट्रान्सपायलर सर्वांत परिचित आहे. कोणत्या ब्राउझरांना सांभाळायचे याची यादी त्याला दिली की लागतील तेवढीच रूपांतरे तो करतो.

मर्यादा : काही सोयी भाषेच्या गाभ्यातच असतात. वस्तूवरील प्रत्येक व्यवहार अडवू शकणाऱ्या ‘प्रॉक्सी’चे पूर्ण पॉलिफिल शक्य नाही. शिवाय या जोडकोडामुळे फाइल फुगते आणि नव्या ब्राउझरच्या वापरकर्त्यालाही तो भार वाहावा लागतो. म्हणून काही संकेतस्थळे नव्या आणि जुन्या ब्राउझरांसाठी वेगवेगळ्या फाइली ठेवतात. प्रमाण ठरण्याआधीच अंगभूत वस्तूंना पद्धती चिकटवल्या तर नावे आपसांत भिडतात. ‘मूटूल्स’ या जुन्या संचाने ॲरेला ‘फ्लॅटन’ पद्धत जोडली होती. पुढे त्याच नावाची प्रमाण पद्धत फायरफॉक्सच्या चाचणी-आवृत्तीत येताच मूटूल्स वापरणारे एक जुने संकेतस्थळ बिघडले. अखेर २०१९ च्या प्रमाणात ती ‘फ्लॅट’ या नावाने दाखल झाली.

सुरक्षितता : ब्राउझर ओळखून नेमकी पॉलिफिले पाठवणारी ‘पॉलिफिल डॉट आयओ’ ही सेवा फायनान्शियल टाइम्स या वृत्तपत्रात जन्मली. तिचे डोमेन फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या हाती गेले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यातून घातक कोड वाटला जात असल्याचे उघड झाले. लाखाहून अधिक संकेतस्थळांवर त्या पत्त्याचा दुवा होता. काही मोबाइल वापरकर्ते परस्पर जुगाराच्या संकेतस्थळांवर नेले जात होते. सेवेचे मूळ निर्माते अँड्र्यू बेट्स यांनी डोमेन विकले गेले तेव्हाच दुवा काढून टाकण्याचा इशारा दिला होता. त्यातील पॉलिफिलांची आजच्या कोणत्याही संकेतस्थळाला गरज उरलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते.