परदेशी जाणाऱ्या भाविकांसाठी : प्रसाद, सामान आणि आरोग्य



राजेश्वर, बसवकल्याण, हुमनाबाद व आळंद परिसरातील अनेक घरांतील मुले आखाती देशांत, अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहेत. त्यांच्याकडे निघालेले आई-वडील हैदराबादला विमान गाठण्यापूर्वी दर्शनास येतात व प्रसाद, अंगारा, बेलपत्र मागून नेतात. त्यामागील भाव आम्ही जाणतो. परंतु परक्या देशाच्या कस्टम्स अधिकाऱ्यास त्यात प्रसाद दिसत नाही. बी, पान, धान्य वा राख दिसते.

सर्वाधिक जपावे ते खसखशीस. ती अफूच्या बोंडातील बी असल्याने संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया व कतार येथे तिला बंदी आहे. अनारशावरील किंवा लाडवातील खसखसही त्यात आली. मसाल्याच्या पुडीत ती मिसळली आहे काय, हे घरातील स्त्रियांना अवश्य विचारून घ्यावे. प्रकरण तुरुंगवासापर्यंत जाऊ शकते व "ठाऊक नव्हते" हे उत्तर तेथे चालत नाही. दुबईत विड्याची पानेही नेता येत नाहीत.

अमेरिकेची भीती निराळी आहे, ती शेतीच्या रोगांची. लिंबूवर्गीय झाडांच्या रोगामुळे तेथे कढीपत्ता नेण्यास मनाई आहे आणि बेल हा त्याच कुळातील वृक्ष होय. खापरा भुंगेऱ्यामुळे भारतातून तांदूळ नेता येत नाही. तेव्हा मंतरलेल्या अक्षताही घरीच ठेवाव्यात. एप्रिल २०२१ मध्ये वॉशिंग्टनजवळील डलस विमानतळावर भारतातून आलेल्या प्रवाशाच्या मागे राहिलेल्या बॅगेत दोन गोवऱ्या आढळल्या. गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाच्या भयाने त्या नष्ट करण्यात आल्या. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये रुद्राक्ष व तुळशीची माळसुद्धा प्रवेशपत्रिकेत लिहावी लागते. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपविलेली सापडली तर दंड होतो. न्यूझीलंडमध्ये तो जागच्या जागी ४०० डॉलर आहे.

कापूर व काडेपेटी ज्वलनशील असल्याने बॅगेत ठेवू नयेत. सुक्या खोबऱ्याचेही तेच. हातातील पिशवीत गंगाजलाची बाटली १०० मिलीलिटरपेक्षा मोठी चालत नाही. अंगाऱ्याची पुडी नेणारच असाल तर तिच्यावर ठळक अक्षरांत इंग्रजीत नाव लिहावे. निनावी पांढऱ्या भुकटीचा संशय कोणासही येईल.

सोन्याविषयी थोडे. येथून अंगावर बरेच दागिने घालून जाणाऱ्यांनी निघतानाच विमानतळावरील कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना ते नवे समजून शुल्क मागितले जाणार नाही. एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्या पुरुषास २० ग्रॅम व स्त्रीस ४० ग्रॅमपर्यंतच्या दागिन्यांची सवलत आहे. ही सवलत दागिन्यांना आहे, नाण्यांना व बिस्किटांना नाही.

औषधांची चिठ्ठी डॉक्टरांच्या सहीची, औषधाच्या मूळ रासायनिक नावासह, इंग्रजीत असावी. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके व कोडीनयुक्त खोकल्याची औषधे अमिरातीत नियंत्रित आहेत; त्यांची परवानगी आधीच घ्यावी लागते. इन्सुलिन हातातील पिशवीतच ठेवावे, कारण सामानाच्या कक्षात ते गोठण्याचा संभव असतो. मधुमेही भाविकांनी प्रवासाच्या दिवशी एकादशी वा सोमवारचा उपवास करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. घड्याळ मागे-पुढे होते, औषधाची वेळ चुकते आणि देव त्याचा हिशेब मागत नाही. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी उठून चालावे, पाणी घ्यावे. एकाच जागी बसून पायांत रक्ताची गाठ होते. प्रवास विमा घेताना जुने आजार लपवू नयेत.

केनिया आदी आफ्रिकी देशांत जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी टोचून घ्यावी. प्रमाणपत्र आता आजन्म चालते. त्यावाचून परतल्यास ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.

परदेशी नेण्यासाठी प्रसाद हवा असल्यास कार्यालयात देशाचे नाव सांगावे. अशांना बेलपत्र व लाडूऐवजी खडीसाखरेची बंद पुडी देण्यात येईल.

— सचिव, विश्वस्त मंडळ