रेशन आणि सरकारी मदतीसाठी नशेची तपासणी: लघवीची चाचणी नेमके काय सांगते?

दारू आधार कार्डावर विकावी आणि ती घेणाऱ्यांचे स्वस्त धान्य बंद करावे, असे विधान रतन टाटांच्या नावाने मोबाईलवर फिरत होते. ते आपले नाही, असे त्यांनी २०२१ मध्ये स्वतः सांगितले. तरीही ‘नवऱ्याची तपासणी केली तर आमचे रेशन बंद होईल का?’ हा प्रश्न बायका आजही दबक्या आवाजात विचारतात. या भीतीने उपचार लांबतात, म्हणून आधी उत्तर: नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात धान्य मिळण्यासाठी नशेच्या तपासणीची अट नाही. संजय गांधी निराधार योजना किंवा लाडकी बहीण योजनेतही नाही.

अशी अट कुठे होती?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २०११ मध्ये रोख मदत मागणाऱ्या प्रत्येकाला लघवीची तपासणी सक्तीची केली. न्यायालयाने काही महिन्यांतच ती थांबवली. तोवर ४,०८६ जणांची तपासणी झाली होती आणि दोषी निघाले १०८, म्हणजे सुमारे २.६ टक्के. चाचणीत नशा न आढळलेल्यांना तपासणीचा खर्च परत द्यावा लागला, त्यामुळे सरकारची बचतही झाली नाही. पुढे न्यायालयांनी ही अट घटनाबाह्य ठरवली.

चाचणीची मर्यादा

लघवीच्या पट्टीवर कळते ते एवढेच की एखादा पदार्थ अलीकडे शरीरात गेला होता. माणूस व्यसनी आहे का, हे त्यावरून कळत नाही. ते ठरते लक्षणे आणि सवयी विचारून. शिवाय प्रत्येक पदार्थ टिकण्याचा काळ वेगळा. होळीला एकदा घेतलेली भांग दोन-तीन दिवस दिसू शकते. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो महिनाभरही सापडतो. दारू मात्र साध्या तपासणीत काही तासांत, फार तर दिवसभरात नाहीशी होते. म्हणजे घर ज्या दारूने खरोखर मोडते, तीच बहुधा निसटते.

नाशिककरांसाठी आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिंदे गावात मुंबई पोलिसांनी मेफेड्रोनचा, म्हणजे ‘एमडी’चा कारखाना उघडकीस आणला. हा पदार्थ नेहमीच्या स्वस्त पट्टीवर खात्रीने सापडत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील खास तपासणी लागते. ‘पट्टी निगेटिव्ह आली’ म्हणून मुलगा एमडी घेत नाही, असे पालकांनी समजू नये.

उलट चूकही होते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध अफूच्या गटात पॉझिटिव्ह दाखवते. खसखशीत अफूचे अंश राहू शकतात, त्यामुळे भरपूर खसखस लावलेले अनारसे खाल्ल्यावरही असे घडू शकते. सर्दीच्या काही गोळ्या अँफेटामीनसारख्या दिसतात. म्हणून पट्टी पॉझिटिव्ह आली तर जीसी-एमएस या अचूक पद्धतीने खात्री केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. तपासणीआधी घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगा.

शिक्षा कोणाला होईल?

आपल्याकडे रेशन कार्ड कुटुंबाचे असते. अन्न सुरक्षा कायद्यानुसार घरातील १८ वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख मानली जाते. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते. पिणारा एक, आणि धान्य थांबले तर उपाशी राहणार मुले नि सासूबाई. धाकाने व्यसन सुटते, असा माझा तरी अनुभव नाही. धाकाने ते लपवले जाते.

मग घरच्यांनी काय करावे?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीही मानसिक आजारात धरल्या आहेत. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही त्यात आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा, किंवा १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत राष्ट्रीय हेल्पलाईनवर बोला.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, फिट येणे, भास होणे, असंबद्ध बडबड असे काही दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या.