लमाणी मणिकामांतील नाणीं व कवड्या

ऐतिहासिक साधनांचा संग्रह करितांना आपण कागद, ताम्रपट व शस्त्रें यांकडे जितकें लक्ष पुरवितों, तितकें स्त्रियांच्या वस्त्रालंकारांकडे पुरवीत नाहीं. लमाण स्त्रियांचें कशिद्याचें व मण्यांचें काम तर केवळ शोभेची वस्तु म्हणून बाजूस पडतें. तें कालनिर्णयाचें साधन कसें होऊं शकतें, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

जत तालुक्यांत उटगी व दरीबडची या गांवांच्या नांवांनीं ओळखले जाणारे लमाणतांडे आहेत. जतची डफळ्यांची जहागीर सातारच्या मांडलिक जहागिरींपैकीं असून ती १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झाली. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. यास्तव या भागाचे जुने कागद शोधणारानें सातारचीं दफ्तरेंहि पाहावीं.

लमाण हा शब्द 'लवण' यापासून व बंजारा हा 'वाणिज्य' यापासून साधितात. मीठ व धान्य बैलांवर लादून नेणें हा त्यांचा व्यवसाय. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानें १६३२ सालीं चौदा हजार बैलांचा तांडा पाहिल्याचें लिहिलें आहे. १८०३ च्या मराठ्यांवरील मोहिमेंत वेलस्लीनेंहि धान्यपुरवठ्यासाठीं यांचेंच साह्य घेतलें. पुढें लोहमार्ग झाले व हा धंदा बसला. अशा फिरत्या लोकांस पुंजी अंगावर वागविणेंच सोयीचें. म्हणून कांचळी, ओढणी, गळ्यांतील माळा, फार काय घागरीखालची चुंबळ, यांवर आरसे व मणी यांच्या जोडीनें कवड्या आणि नाणीं आढळतात.

कवडी हेंहि एके काळचें चलनच होय. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'च्या आरंभींच्या कोष्टकांत वीस वराटकांची एक काकिणी व चार काकिणींचा एक पण सांगितला आहे; वराटक म्हणजे कवडी. दोन निरनिराळ्या काळांचें चलन एकाच कांचळीवर शेजारीं शेजारीं टांकलेलें असतें.

नाण्यावरून काळ ठरवितांना मात्र सावधगिरी हवी. व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर १८७७ पूर्वीं 'क्वीन' व त्यानंतर 'एम्प्रेस' असा लेख आहे. 'एम्प्रेस' लेखाचें नाणें मूळच्या टांक्यानें बसविलेलें असेल, तर तें काम १८७७ पूर्वींचें नव्हे, इतकें निश्चित. उलट 'क्वीन' लेखावरून कांहींच सिद्ध होत नाहीं, कारण जुनें नाणें आईच्या कांचळीवरून लेकीच्या कांचळीवर येऊं शकतें. शिवाय १८६२ हें साल घातलेले रुपये पुढेंहि कित्येक वर्षें पाडले जात होते. म्हणून दोरा मूळचा कीं मागाहूनचा, हें आधीं पाहिलें पाहिजे.

युक्रेन देशांतील कार्पेथियन पर्वताच्या परिसरांत हाच प्रकार दिसतो. तेथील 'गेर्दान' नांवाच्या मण्यांच्या पट्ट्यांत कशिद्यांतील चौकोन व तारका उतरल्या आहेत. त्यांचे मणी व्हेनिस व बोहेमिया येथून येत. 'दुकाच' हा तेथील नाण्याचा गळ्यांतील अलंकार प्रसिद्ध आहे. आजहि जुन्या कशिद्याची आकृति पाहून तेथें नवे मण्यांचे दागिने होतात. त्यासाठीं जुनें वस्त्र कापावें लागत नाहीं.

आपल्याकडे मात्र जुन्या लमाणी वस्त्रांचे तुकडे करून त्यांच्या पिशव्या, अभ्रे व गळ्यांतील अलंकार होतात, आणि नाणीं निराळीं काढून नाणेसंग्राहकांस विकलीं जातात. घोरपड्यांच्या जुन्या संस्थानांतील संडूर येथें लमाण स्त्रिया आजहि नवें काम करितात. नव्याची हौस त्यांच्याकडून पुरवावी, म्हणजे त्यांसहि चार पैसे मिळतील. उसवलेल्या नाण्याचें मोल रुपयाइतकें. कांचळीवरील नाण्याजवळ एका कुटुंबाचा वृत्तांत असतो.

तेव्हां संग्राहकांस विनंति इतकीच कीं, असें वस्त्र हातीं आल्यास तें उसवूं नये. तांड्याचें नांव, नाण्यांचा क्रम व लेख, दोऱ्याचा रंग आणि दुरुस्तीच्या खुणा टिपून ठेवाव्या. दहावीस तांड्यांतून अशीं टिपणें जमलीं, तर ज्यांनीं स्वतःचीं दफ्तरें ठेविलीं नाहींत, अशा लोकांच्या इतिहासास थोडातरी आधार मिळेल.