दृष्टिदानाची वाटचाल : अंधत्वनिवारणाचा इतिहास आणि समाजाचे कर्तव्य

जैन दर्शनात जीवांची गणना इंद्रियांच्या संख्येने केली जाते. स्पर्शन, रसना व घ्राण यांनंतर चौथे स्थान चक्षूंचे आहे. पायाखालचा सूक्ष्म जीव पाहून पाऊल टाकणारी ईर्यासमिती असो वा नित्याचा स्वाध्याय असो, दोहोंचा आधार दृष्टीच होय. शक्रस्तवात तीर्थंकरांना नेत्र देणारे म्हणून वंदन केले आहे, ते याच भावनेने. तरीही अंधत्व म्हणजे पूर्वकर्माचे फळ, त्यावर इलाज नाही, अशी समजूत समाजात दीर्घकाळ रूढ होती. कर्मसिद्धान्त पुरुषार्थ नाकारत नाही. गेल्या दोनशे वर्षांचा इतिहासही हेच सांगतो की, बरेचसे अंधत्व टाळता येण्याजोगे होते आणि माणसांच्या प्रयत्नांनी ते टळले.

एकेकाळी गावोगावी मुलांचे डोळे हिरावून नेणारा रोग म्हणजे देवी. बुबुळावर फोड आला की तेथे पांढरे फूल पडे आणि दृष्टी कायमची जाई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली देवीची लस टोचण्यात आली. मात्र या रोगाचे देशातून उच्चाटन होण्यास १९७५ साल उजाडले. उपाय हाती असूनही तो अखेरच्या घरापर्यंत पोहोचण्यास पावणेदोनशे वर्षे लागली, हा धडा मोलाचा आहे.

खुपऱ्यांची कथाही अशीच. माश्या, धूळ व एकाच पंचाने अनेकांनी तोंड पुसणे यांतून हा रोग पसरे. १९६३ साली त्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे घोषित केले. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रातांधळेपणा बालकांना पूर्ण अंधत्वाकडे नेई. १९७० पासून बालकांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याची योजना राबविण्यात आली. शेवग्याचा पाला, माठ, लाल भोपळा, पिकलेली पपई हे त्याचे घरगुती स्रोत होत.

सर्वांत व्यापक कारण मात्र मोतीबिंदूचे. सुश्रुतसंहितेत त्यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. १७४७ साली फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल यांनी गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढले. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. भारतात १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू निवारणाचा प्रकल्प राबविला गेला. शाळांतील वा मांडवांतील शस्त्रक्रियांऐवजी रुग्णास सुसज्ज रुग्णालयात नेण्याची पद्धत त्यानंतर रुळली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. तात्याराव लहाने यांनी लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. २००८ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली.

या कार्यात जैन साध्वींचा वाटाही गौरवास्पद आहे. पुणे जिल्ह्यातील चासकमान येथे १९३७ साली जन्मलेल्या आचार्य चंदनाजींनी उपाध्याय अमरमुनींच्या प्रेरणेने बिहारमधील राजगीर येथे वीरायतन संस्था उभारली. तेथील नेत्रज्योती सेवा मंदिरम् या रुग्णालयाने अगणित गरिबांना दृष्टी दिली. साध्वीधर्म आणि रुग्णसेवा यांचा मेळ घालणाऱ्या चंदनाजी १९८७ साली आचार्यपदी विराजमान झाल्या. २०२२ साली त्यांना ‘पद्मश्री’ प्राप्त झाली.

२०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के होते. पन्नाशी ओलांडलेल्या अंधांपैकी सुमारे दोनतृतीयांश मोतीबिंदूमुळे अंध होते. उपचार उपलब्ध असूनही असे का व्हावे? उल्हास नदीकाठच्या दहिवलीहून मुंबईची रुग्णालये लोकलच्या एका प्रवासावर आहेत. पण डोंगरातील ठाकूर-कातकरी वाडीवरच्या वृद्धेसाठी तेवढेही अंतर मोठे. सोबत येणाऱ्या मुलाची मजुरी बुडते आणि शस्त्रक्रियेचे भय असते ते वेगळेच. अशा ठिकाणी शिबिरातील तपासणीइतकेच महत्त्व सोबतीला, वाहनाला आणि नंतरच्या औषधपाण्याला आहे.

दुसरे आव्हान तर घरातलेच आहे. काचबिंदू बहुधा न दुखता बाजूची दृष्टी हळूहळू खातो आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या बिघडतात. पेढीवर बसून आयुष्य घालविणाऱ्या व्यापारी कुटुंबांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. शिबिराला देणगी देणाऱ्याने स्वतःचे डोळेही दाखवावेत. चाळिशीनंतर डोळ्यांची नियमित तपासणी आणि मधुमेहींनी दरवर्षी पडद्याची तपासणी करून घ्यावी.

२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा बहुधा पर्युषणाच्या सुमारास येतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत केलेल्या नेत्रदानाने बुबुळाच्या विकाराने अंध झालेल्या दोघांना दृष्टी लाभू शकते. देहाच्या अनित्यतेचे चिंतन करणाऱ्या समाजाला याहून सुलभ दान कोणते? सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगी प्रत्येक कुटुंबाने हा संकल्प करावा, हीच शासनदेवाचरणी प्रार्थना.